सर्पगंधेचे स्फटिक : डॉ. सलीमुज्जमान सिद्दीकी यांचे संशोधनकार्य

आयुर्वेदात सर्पगंधा आणि युनानी वैद्यकात असरोल या नावाने ओळखली जाणारी मुळी उत्तर हिंदुस्थानात ‘पागल बूटी’ म्हणूनही प्रसिद्ध होती. वेडाच्या झटक्यावर, निद्रानाशावर हकीम व वैद्य ती देत असत. गुण मुळीत आहे हे सर्वांना मान्य होते. तो मुळीतील नेमक्या कोणत्या द्रव्याचा, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते. हा प्रश्न रसायनशास्त्राच्या भाषेत मांडण्याचे काम डॉ. सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी केले.

त्यांचा जन्म १८९७ साली बाराबंकी जिल्ह्यातील सुबेहा येथे झाला. अलीगढला त्यांनी तत्त्वज्ञान व फारसी हे विषय घेतले होते, ही गोष्ट विद्याशाखांच्या भिंती उंच करणाऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. पुढे लंडनमार्गे ते फ्रँकफुर्टला गेले आणि १९२७ मध्ये प्रा. युलिउस फॉन ब्राउन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्याच शहरात त्यांच्या चित्रांचे प्रदर्शनही भरले होते. हकीम अजमल खान यांच्या निमंत्रणावरून ते दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजातील संशोधन संस्थेत आले. हकीमसाहेब त्याच वर्षअखेरीस निवर्तले.

सर्पगंधेवरील शोधनिबंध १९३१ साली ‘जर्नल ऑफ द इंडियन केमिकल सोसायटी’त प्रसिद्ध झाला. सहलेखक रफअत हुसैन सिद्दीकी होते. वनस्पतीच्या मुळीत शेकडो द्रव्ये एकत्र नांदत असतात. त्यांपैकी अल्कलॉइड हे नायट्रोजनयुक्त व आम्लारिधर्मी असल्याने आम्लाशी संयोग पावून त्यांचे क्षार बनतात आणि पाण्यात उतरतात. पुन्हा अल्कली घातली की ते मोकळे होतात. या साध्या गुणधर्माचा आधार घेऊन, निरनिराळ्या द्रावकांत पुनःपुन्हा विरघळवून, शेवटी शुद्ध स्फटिक मिळवायचे असतात. सिद्दीकींना असे दोन गट मिळाले : पांढऱ्या स्फटिकांचा, सौम्य आम्लारींचा एक, आणि पिवळ्या, तीव्र आम्लारींचा दुसरा. पहिल्या गटातील प्रमुख द्रव्याला त्यांनी ‘अजमलीन’ हे नाव दिले. दिवंगत हकीमसाहेबांचे ऋण रसायनशास्त्राच्या कोशात कायमचे नोंदले गेले.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. मुळीच्या ज्या शामक गुणाची ख्याती होती, त्यास मुख्यतः कारणीभूत असलेले रेसर्पीन हे द्रव्य या स्फटिकांत नव्हते. ते सौम्य आम्लारी असून राळेसारख्या चिकट अंशात राहत असे. स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी ते १९५२ मध्ये वेगळे केले. दरम्यान मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरील आपले निष्कर्ष १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले होते आणि त्यामुळेच पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळीकडे वळले. म्हणून रक्तदाबावरील औषधाचे सारे श्रेय सिद्दीकींना देणे जसे अतिशयोक्त, तसे त्यांना वगळून हा इतिहास रेसर्पीनपासून सुरू करणेही चुकीचे. आपल्याकडे अभिमानाच्या भरात पहिली चूक होते, पाठ्यपुस्तकांतून दुसरी.

कडुनिंबाच्या तेलावरही त्यांनी काम केले. १९४२ मध्ये निंबिन, निंबिनिन व निंबिडिन ही कडू द्रव्ये त्यांनी वेगळी केली. पुढे निंबाच्या रसायनांवर जगभर जे प्रचंड संशोधन झाले, त्याच्या आरंभीच्या पायऱ्यांत या कामाची गणना होते.

१९५१ साली ते पाकिस्तानात गेले. तेथील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची उभारणी त्यांनी केली. १९६१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. निवृत्तीच्या वयात कराची विद्यापीठात त्यांनी रसायनशास्त्राची जी पदव्युत्तर संस्था सुरू केली, ती १९७६ नंतर हुसैन इब्राहिम जमाल संस्था म्हणून नावारूपाला आली. १९९४ मध्ये त्यांचे निधन झाले.

अजमलीनची वाटचाल मात्र वेगळ्याच दिशेने झाली. त्याचा परिणाम हृदयाच्या विद्युत्प्रवाहावर होतो, असे आढळल्याने ते अनियमित ठोक्यांवर वापरले गेले. अचानक मृत्यू ओढवणारा ब्रुगाडा नावाचा हृदयविकार १९९२ मध्ये वर्णिला गेला. काही रुग्णांच्या ईसीजीत तो एरवी दडून राहतो. युरोपातील रुग्णालयांत अशा वेळी रुग्णाला शिरेतून अजमलीन देतात आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली आलेख बदलतो का, हे पाहतात. ही तपासणी ‘अजमलीन चाचणी’ याच नावाने ओळखली जाते.