नोकरीच्या अर्जात विनवणी नको, माहिती हवी

मुलं शाळेत रुळली, दुपार थोडी मोकळी झाली, की आपल्यापैकी कितीतरी जणींच्या मनात येतं, आता नोकरीचं बघावं. जाहिरातही नजरेस पडते. कपाटातली सर्टिफिकिटांची पिशवी निघते, बायोडेटा टाइप होऊन येतो. घोडं अडतं ते त्यासोबतच्या पत्रापाशी! त्यात लिहायचं तरी काय?

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. जागा निघाली की आलेले अर्ज लावून ठेवायचं काम बरेचदा माझ्याकडे येतं. निम्म्याहून अधिक पत्रांत एकच सूर असतो : ‘घरची परिस्थिती बेताची आहे, तरी कृपया एक संधी द्यावी.’ वाचताना जीव हळहळतो. पण पाचवीला गणित कोण नीट शिकवील, हे काही त्यातून कळत नाही. मुख्याध्यापिकांना हवं असतं नेमकं तेच. तेव्हा मैत्रिणींनो, आपली गरज बाजूला ठेवा आणि त्यांची गरज आपण कशी भागवू, ते लिहा.

पत्र एका पानाच्या आत बसवावं. आधी कोणत्या जागेसाठी अर्ज आहे आणि जाहिरात कुठे, कधी वाचली ते. मग त्या कामाशी संबंध असलेलं शिक्षण व अनुभव. नंतर मधल्या वर्षांचा खुलासा, आणि शेवटी भेटीची विनंती. बायोडेटा पुन्हा उतरवून काढू नये. ‘मी मेहनती व प्रामाणिक आहे’ असं तर सगळ्याच लिहितात. त्यापेक्षा एक आकडा अधिक बोलतो. हा नमुना पाहा :

‘महोदया, आपल्या शाळेतील गणित शिक्षिकेच्या जागेची जाहिरात रविवारच्या वर्तमानपत्रात वाचली. मी बी. एस्सी., बी. एड. असून २०१२ ते २०१५ अशी तीन वर्षे सहावी-सातवीला गणित शिकवले आहे. २०१४ मध्ये शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाले. मुले लहान असल्याने २०१५ मध्ये नोकरी सोडली. गेली चार वर्षे घरी आठ मुलांची गणिताची शिकवणी घेते. आता पूर्णवेळ काम करू शकेन. आपण बोलवाल त्या दिवशी भेटीस येईन.’

मधल्या वर्षांचा खुलासा एका वाक्यात आटोपला, हे लक्षात आलं ना? घर सांभाळलं हा काही गुन्हा नव्हे. त्याची माफी मागू नये आणि ती वर्षं लपवूही नयेत. त्या काळात बचत गटाचे हिशेब ठेवले असतील, सोसायटीची पत्रं लिहिली असतील, तर किती वर्षं ते सांगावं. मात्र केलं तेवढंच लिहावं. दवाखान्यातली स्वागतिकेची जागा असो की पतसंस्थेतली हिशेबनिसाची, साचा हाच.

आता कागदपत्रांविषयी. सर्टिफिकिटांवर माहेरचं नाव आणि अर्जावर सासरचं, हा घोळ घरोघरचा. पत्रात त्याचा एका ओळीत उल्लेख करावा आणि विवाह नोंदणीच्या दाखल्याची किंवा नावबदलाच्या राजपत्राची प्रत जोडावी. पहिली ते आठवीच्या शिक्षकांना लागणाऱ्या पात्रता परीक्षेचं म्हणजे टीईटीचं प्रमाणपत्र पूर्वी सातच वर्षं चालायचं. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ते कायमचं ग्राह्य ठरवलं, तेही २०११ पासूनच्या प्रमाणपत्रांसकट. तेव्हा जुनं म्हणून ते पिशवीतच ठेवू नका. अनुदानित शाळांची भरती शासनाच्या पवित्र पोर्टलवरून होते, तिथली रीत वेगळी. विनाअनुदानित शाळा मात्र बहुधा थेट अर्ज मागवतात.

अर्ज ई-मेलने पाठवायचा असेल तर विषयाच्या ओळीत जागेचं नाव व आपलं नाव घालावं. ती ओळ कोरी सोडू नये. ‘स्वहस्ताक्षरात’ असं जाहिरातीत म्हटलं असेल तर हातानेच लिहावं. आणि फोन नंबर स्वतःचा द्यावा, यजमानांचा नको! बोलावणं यायचं आणि ते ऑफिसातून घरी येईपर्यंत जागा भरून जायची.

पत्र यजमानांकडून किंवा भाच्याकडून लिहून घेण्याचा मोहही टाळा. शुद्धलेखन खुशाल तपासून घ्या, पण वाक्यं तुमची असू द्या. मुलाखतीत पहिले प्रश्न त्या पत्रावरूनच निघतात आणि उत्तरं द्यायला तिथे तुम्ही एकट्याच असता. म्हणून एक प्रत घरी ठेवा आणि जायच्या आदल्या रात्री, ओटा आवरला की, एकदा मोठ्याने वाचा.