नवी गाडी, ॲव्हरेज किती?

गळीत हंगामात माळेगाव बुद्रुकच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरमागे रांगत जाणारी गाडी कंपनीने सांगितलेले ॲव्हरेज कसे देणार? जुनी स्विफ्ट काढून नवी घेण्याचा विषय घरात निघाला, तेव्हा आम्ही आधी नव्या गाडीवाल्यांनाच गाठले.

मे 2024 मध्ये आलेल्या या स्विफ्टमध्ये चारऐवजी तीन सिलिंडरचे इंजिन आहे. ताकद सुमारे 90 वरून 82 पीएसवर आली. मॅन्युअल गाडीचे सांगितलेले ॲव्हरेज मात्र लिटरला 22.38 वरून 24.80 किलोमीटर झाले. सहा एअरबॅग सर्व मॉडेलमध्ये मिळतात.

एक शेजारी खूश. त्यांचे जाणे-येणे पुण्याचे. दुसरे म्हणाले, “पाच माणसे, एसी चालू आणि दिवे घाट, की गिअर खाली घ्यावाच लागतो.” त्यांच्या फेऱ्या बारामतीच्या बाजारापुरत्या, म्हणून ॲव्हरेजही कमी. शिवाय 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल. इथेनॉल आपल्याच उसाचे. पण लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी.

खरे ॲव्हरेज घरीच काढावे. टाकी फुल करून किलोमीटर लिहा, पुन्हा फुल करताना चाललेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागा.

आमची गाडी महिन्याला 500 किलोमीटर चालते. कंपनीचेच आकडे धरले, तरी बचत सव्वादोन लिटरच्या आत. वही पाहून अब्बा म्हणाले, “दोन लिटरसाठी पाच वर्षांचे हप्ते?”

जुनीच गाडी सर्व्हिसिंगला दिली.