लेकीचा मल्लखांब बघताना

दोरीच्या मल्लखांबात दोरीला गाठ मारायची नाही, हा मुख्य नियम. सुमारे साडेपाच मीटर लांबीची, जेमतेम बोटाएवढ्या जाडीची सुती दोरी वर कडीला टांगलेली असते. मुलीने पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या बेचक्यात ती पकडून चढायचे आणि कमरेला, मांडीला, काखेला नुसते वेढे घेत एकामागून एक आसने करायची. वेढा बरोबर बसला की अंगाच्या वजनानेच दोरी आवळली जाते. वेढा सोडवण्याचा क्रम चुकला, तर तीच दोरी हातातून निसटते. स्पर्धेला आलेल्या बहुतेक पालकांचे डोळे मुलगी किती उंच गेली याकडे असतात. पंच मात्र तिचा अंगठा बघत असतात.

आम्ही बदलापूर पश्चिमेला, मांजर्लीत राहतो. लेक दुसरीत असल्यापासून दोरीवर आहे. फ्लॅटच्या छताला दोरी टांगून सराव करता येत नाही, तेवढी उंचीच मिळत नाही. म्हणून घरी फक्त पायांची तयारी चालते. जमिनीवर बसून अंगठ्याने रुमाल उचलायचा, खिडकीच्या ग्रिलला बांधलेला दोरीचा तुकडा बोटांत धरून खेचायचा, भिंतीला पाय लावून शीर्षासन करायचे. बघणाऱ्याला हा पोरखेळ वाटतो. पण अंगठ्याची पकड पक्की झाल्याशिवाय शिकवणाऱ्या ताई मुलींना वर चढू देत नाहीत आणि त्या कडकपणाबद्दल मला त्यांचे आभारच मानावेसे वाटतात.

स्पर्धेचा दिवस पहाटे सुरू होतो. स्पर्धा ठाण्याला असो, दादरला असो की आणखी कुठे, मुंबईपासून जवळपास 68 किलोमीटरवर राहणाऱ्या आम्हा लोकांना पहिल्या लोकलपैकी एक गाठावी लागते. रात्रीच नखे कापलेली असतात. वाढलेले नख दोरीत अडकले तर मुळापासून उखडते. कानातले, पैंजण, हातातला धागा, सगळे काढून ठेवायचे. केस ओढून बांधायचे, कारण डोक्याजवळून वेढा घेताना सुटी बट दोरीत गुंतते. खाणे दोन तास आधी आणि हलके. कमरेला दोरी आवळून उलटे लटकायचे असल्यावर पोटात इडलीसुद्धा जड होते. लोकलमध्ये सगळ्या मुली एकमेकींच्या मांडीवर डोके ठेवून झोपतात आणि आया डबे सांभाळत उभ्या असतात.

सभागृहात दोरीखाली जाड गाद्या अंथरलेल्या असतात. क्रमांक पुकारला की मुलगी पंचांना सलामी देते आणि दोरीला हात घालते. आसनांचा संच दीडेक मिनिटाचा, पण खाली बसलेल्या आईला तो कितीतरी मोठा वाटतो. मागच्या स्पर्धेत लेकीने पद्मासन छान घातले, शवासनात दोरीवर आडवी होऊन हात सोडले, ते पाहून मी श्वास सोडला. पुढच्या आसनात वेढा घेताना तिची दोरी मांडीवरून गुडघ्याकडे सरकली. मला इतकेच दिसले की ती थांबली. थांबून तिने अंगठ्याची पकड पुन्हा घेतली, वेढा वर ओढला आणि पुढचे आसन केले. माझ्या शेजारच्या ताई हळूच म्हणाल्या, “सुटली नाही बघा. पडली असती तर वेगळी गोष्ट होती.” तेव्हापासून मीही संच बघताना अंगठ्याकडे आधी बघते.

गुण दहापैकी मिळतात आणि एकीत नि दुसरीत फरक दशांशाचा, कधी शतांशाचा असतो. आसन किती अवघड आहे हे पंच बघतातच. त्याबरोबर एका आसनातून दुसऱ्यात मुलगी किती सहज जाते, ढोपर ताठ आहे का, पायाची बोटे ताणलेली आहेत का, चढ-उताराला लय आहे का, हेही बघतात. म्हणून गॅलरीतून “आमची मुलगी तर तिच्यापेक्षा उंच गेली होती” अशी कुरबूर ऐकली की मला वाईट वाटते, कारण त्यात आपल्याच मुलीच्या कष्टांचा अर्धा भाग दिसायचा राहून जातो. पालकाने वर्गाच्या वेळी कोपऱ्यात बसून चार-सहा आसनांची नावे आणि वेढे ओळखायला शिकावे. मग गुणफलक वर गेल्यावर आकडा का तो आला हे आपले आपल्यालाच कळते आणि घरी जाताना मुलीशी बोलायला खरा विषय मिळतो.

हा खेळ आपल्या मातीतलाच. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लास ग्रंथात खांबावरच्या व्यायामाचा उल्लेख आहे. आजच्या मल्लखांबाचे श्रेय मात्र दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांना दिले जाते. निजामाकडच्या अली आणि गुलाब या पहिलवानांनी पुण्यात आव्हान दिले, तेव्हा तयारीसाठी बाळंभटदादा वणीच्या सप्तशृंगीला गेले आणि तिथे त्यांना खांबावरच्या कसरतींचा दृष्टांत झाला, अशी आख्यायिका आखाड्यांत सांगतात. आख्यायिकेचे काहीही असो, कुस्तीगिराचा पूरक व्यायाम म्हणून खांब आला, त्यापाठोपाठ टांगता खांब आणि वेत. वेत मिळेनासा झाला तशी त्याची जागा सुती दोरीने घेतली. आमच्या मुली ज्या दोरीवर लटकतात ती त्या वेताची वारस आहे.

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके घेऊन गेले होते. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराची स्थापना 1925 ची. तिथल्या उदय देशपांडे सरांनी देशोदेशी मल्लखांब नेला, अंध मुलांनाही शिकवला, आणि 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हात आणि पाय दोरी ओळखतात, डोळे नसले तरी चालते, हे त्या मुलांनी दाखवून दिले. आपल्या डोळस मुलीला वर जायची भीती वाटते म्हणून वर्ग सोडवणाऱ्या पालकांनी एकदा तो वर्ग बघावा, असे मला मनापासून वाटते.

स्पर्धेचे रूप तसे अलीकडचे आहे. राष्ट्रीय पातळीवरची पहिली स्पर्धा 1981 साली उज्जैनला झाली. मध्य प्रदेशाने 2013 मध्ये मल्लखांबाला राज्य खेळाचा दर्जा दिला. पहिली जागतिक स्पर्धा फेब्रुवारी 2019 मध्ये शिवाजी पार्कवर भरली आणि परदेशी मुली आपल्या सुती दोरीवर चढताना मुंबईकरांनी पाहिल्या. 2022 मध्ये पंचकुलाच्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत आणि त्याच वर्षी गुजरातच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत मल्लखांब आला. समर्थची हिमानी परब हिला 2021 चा अर्जुन पुरस्कार मिळाला, ही बातमी आमच्या व्यायामशाळेतल्या मुलींना तोंडपाठ आहे. खांब मुलांचा आणि दोरी मुलींची, अशी जी वाटणी होती, तीही आता मोडली आहे. मुली पुरलेल्या मल्लखांबावरही स्पर्धा खेळतात आणि मुलगे दोरीवर. एरंडेल चोपडलेल्या गुळगुळीत शिसवी खांबावर मुलीने मांड घातलेली बघितली, की ही वाटणी इतकी वर्षे टिकली कशी, याचेच नवल वाटते.

तिकडे अमेरिकेत चीअरलीडिंगचे असेच झाले. मिनेसोटा विद्यापीठात 1898 साली सामन्यातल्या प्रेक्षकांना घोषणा देत पेटवणाऱ्या विद्यार्थ्यांपासून ते सुरू झाले. आज अडीच मिनिटांच्या संचात कोलांट्या, मनोरे आणि हवेत फेकाफेक असलेला तो एक सांघिक स्पर्धाखेळ झाला आहे आणि 2021 मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची पूर्ण मान्यता मिळाली. तिथल्याही गॅलरीत आया अशाच मुठी आवळून बसत असणार. चीअरलीडिंगमध्ये खाली पकडणाऱ्या मैत्रिणी असतात. दोरीवर मुलगी एकटी असते, आणि तिचा स्वतःच्या अंगठ्यावरचा भरवसा हाच तिचा आधार. मैत्रिणी खाली गादीच्या कडेला उभ्या राहून तिला पुढच्या आसनाचे नाव ओरडून सांगतात, एवढेच.

दुखणे लपवून ठेवू नये, हे नव्या पालकांना सांगितले पाहिजे. सुरुवातीचे काही महिने मांड्यांवर, कमरेवर, घोट्यावर दोरीचे लाल-निळे चट्टे उठतात, बेचक्यातली कातडी सोलते. खोबरेल तेल लावायचे, जखम ओली असेल त्या दिवशी दोरी बंद ठेवायची, आणि खांदा किंवा मनगट सतत दुखत असेल तर स्पर्धा तोंडावर असली तरी डॉक्टरकडे जायचे. माझ्या ओळखीच्या एका मुलीला दुखत्या मनगटाने जिल्हा स्पर्धेत उतरवले, आणि नंतर बराच काळ तिला दोरीपासून लांब राहावे लागले. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. या दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत. पण त्यांच्यापायी आठ वर्षांच्या पोरीचे मनगट पणाला लावू नये.

बदलापूरसारख्या वाढत्या गावात आज सगळ्यात मोठी अडचण जागेची आहे. मैदानात पावसाळ्यात चिखल होतो आणि बंद सभागृहांची छते ठेंगणी असतात. दोरीला लागते काय? पुरेशी उंच मोकळी जागा, वजन पेलणारी पक्की तुळई, तिच्यात नीट वेल्ड केलेली कडी आणि खाली चांगल्या गाद्या. इमारत बांधतानाच ही कडी बसवली तर खर्च नगण्य, नंतर बसवायची तर छत फोडावे लागते. शाळांच्या नव्या इमारतींचे आणि नगरपरिषदेच्या नव्या सभागृहांचे नकाशे मंजूर होतात तेव्हाच ती मागणी पालकांनी लेखी द्यावी. आमच्या व्यायामशाळेतल्या काही पालकांनी तसा अर्ज तयार केला आहे. त्यात तुळईची उंची, कडीची जाडी आणि गाद्यांची मापे ताईंनी स्वतः लिहून दिली आहेत. मांजर्लीतल्या ज्यांना सही करायची असेल, त्यांनी संध्याकाळी वर्गाच्या वेळी यावे. मुली तेव्हा दोरीवरच असतात.