जोखीम तिची, निर्णय त्याचा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

लैंगिक आरोग्याचा विषय निघाला, की 'हल्लीच्या मुलांना माहिती नसते' असे आपण म्हणतो. हे अर्धेच खरे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. नियमित निरोध वापरल्यास एचआयव्हीचा धोका कमी होतो, हे १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ८२ पुरुषांना आणि ६८ स्त्रियांना ठाऊक होते. म्हणजे बहुतेकांच्या कानांवर ही गोष्ट गेलेली आहे.

आता याच पाहणीतले दुसरे आकडे पाहा. विवाहित जोडप्यांमध्ये निरोध वापरणारी शंभरात दहाही नव्हती. नसबंदी केलेल्या स्त्रिया शंभरात ३८ होत्या आणि पुरुषांची नसबंदी हजारात तीन जोडप्यांत! संततिनियमन ही बायकांचीच बाब आहे, असे शंभरातल्या ३५ पुरुषांनी सांगितले.

घरातली ही वाटणी मुले-मुली न शिकवता शिकतात. पुष्कळ मुलांना वाटते, रोग होतो तो 'तसल्या' वस्तीत जाणाऱ्याला. मैत्रीण ओळखीची, चांगल्या घरातली असली, की काळजीचे कारणच उरत नाही. मुलीची भीती वेगळी असते. तिला दिवस जाण्याची आणि बोभाटा होण्याची धास्ती असते. साधन वापरू या, असे तिने म्हटले, तर 'हिला हे सगळे कसे ठाऊक?' किंवा 'माझ्यावर विश्वास नाही का?' असे ऐकावे लागते. मग ती गप्प बसते. लग्नानंतरही या गप्प बसण्यात फारसा फरक पडत नाही.

याचा परिणाम असा, की औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या तातडीच्या गर्भनिरोधक गोळीवर सगळी भिस्त ठेवली जाते. ही गोळी गर्भ राहण्याची शक्यता कमी करते. पण गरमी, परमा किंवा एचआयव्ही यांपासून ती अजिबात संरक्षण देत नाही.

शिवाय निसर्गानेही जोखीम सारखी वाटलेली नाही. पुरुषाकडून स्त्रीला एचआयव्हीची लागण होणे तुलनेने सोपे असते. काही संसर्गांत स्त्रीला कोणतेच लक्षण जाणवत नाही आणि आतल्या आत गर्भनलिकांना इजा होऊन पुढे वंध्यत्व येऊ शकते. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये तिचे निष्कर्ष आले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते. त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त आठ टक्के. सोसायचे, पण सांगायचे नाही, याचा हा हिशेब.

ही वाटणी बदलता येते. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग बहुतेक वेळा एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. हा विषाणू पुरुषांतही असतो आणि त्यांनाही काही कर्करोग देतो. म्हणून ऑस्ट्रेलियाने २००७ साली मुलींना लस द्यायला सुरुवात केली आणि २०१३ पासून मुलांनाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लसीला २०२२ साली आपल्याकडे जी परवानगी मिळाली, तीही ९ ते २६ वयाच्या मुली आणि मुले, दोघांसाठी. तरीही 'मुलीची लस' हेच नाव आपल्या तोंडी बसले आहे.

पालकांनी मुलीला जपून राहायला सांगताना मुलाशीही बोलावे. 'तिला विचार, तिचे ऐक आणि साधन तू आण' ही तीन वाक्ये पुरेशी आहेत. घरी बोलणे जमत नसेल, तर सरकारी रुग्णालयांतील किशोरवयीनांसाठीच्या 'मैत्री' केंद्रांत सल्ला मिळतो. एचआयव्हीची तपासणी सरकारी केंद्रांत मोफत होते आणि नाव गुप्त राहते. १०९७ या क्रमांकावर फोन करण्यासही पैसे पडत नाहीत.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले ते १९२१ साली. त्याला शंभर वर्षे उलटून गेली. आता निदान मुलांशी हे बोलायला आपण लाजू नये.