ताण बसला का?

सुई काढलेली एक मिलीची सिरिंज, पालथं केलेलं पान आणि वरच्या बाजूनं आधाराला डाव्या हाताचं बोट. सिरिंजचं तोंड पानावर टेकवायचं आणि दट्ट्या अगदी सावकाश दाबायचा. पर्णरंध्रांतून पाणी आत शिरतं आणि कागदावर तेलाचा डाग पसरावा तसा गडद हिरवा ओला डाग पसरत जातो. शिरेपाशी अडतो, मग पुढच्या कप्प्यात जातो. जोर जास्त झाला की पान फाटतं, कमी पडला की पाणी ओघळून हातमोज्यावर येतं. सुरुवातीच्या महिन्यात मी किती पानं फाडली याचा हिशोब नाही. आता किती दाबायचं ते बोटालाच कळतं.

त्या गढूळ पाण्यात अ‍ॅग्रोबॅक्टेरियम असतो. हा मातीतला जिवाणू. आपल्या डीएनएचा तुकडा वनस्पतीच्या पेशीत सोडायची कला त्याला मुळातच अवगत आहे. जखमी झाड काही रसायनं बाहेर सोडतं, त्यांच्या वासावर तो येतो. त्यातलंच एक, अ‍ॅसिटोसिरिंगोन, आम्ही त्याच्या पाण्यात घालतो आणि तीन तास त्याला शांत ठेवतो, म्हणजे तो कामाला तयार होतो. त्याच्याकरवी झाडात पोचवायचा असतो तंबाखूवरचा एक विषाणू, टोबॅको रॅटल व्हायरस. या विषाणूचा आराखडा दोन भागांत असतो, म्हणून जिवाणूही दोन वेगळ्या फ्लास्कांत वाढवायचे आणि शेवटी निम्मे निम्मे मिसळायचे. दुसऱ्या भागात आम्ही झाडाच्याच एका जनुकाचा छोटा तुकडा जोडलेला असतो. सगळी मेख तिथे आहे.

विषाणू वाढायला लागला की झाड त्याचा दुपदरी आरएनए ओळखतं आणि त्याचे 21 ते 24 अक्षरांचे बारीक तुकडे करतं. ते तुकडे नमुना म्हणून हाताशी धरून, त्यांच्याशी जुळणारा प्रत्येक आरएनए शोधून कापला जातो. विषाणूच्या अंगावर झाडाच्या स्वतःच्या जनुकाचा तुकडा असल्यामुळे चोराबरोबर घरचाही माणूस धरला जातो. त्या जनुकाचा निरोप पेशीत पोचेनासा होतो. प्रयोगशाळेत आम्ही म्हणतो, ‘सायलेन्स झालं’.

झाड असतं निकोशियाना बेन्थामियाना, उत्तर ऑस्ट्रेलियातली रानटी तंबाखू. विषाणूंशी लढण्यात मदत करणाऱ्या तिच्या एका जनुकात 72 जादा अक्षरं घुसली आहेत, त्यामुळे ते निकामी झालं आहे. तिच्या या दुबळेपणावर जगभरातल्या प्रयोगशाळांचं काम चाललं आहे. मला या झाडाबद्दल फार माया वाटते. पानं मऊ, केसाळ, जराशी चिकट. सगळं मुकाट सोसणारं झाड.

प्रत्येक खेपेला एक ट्रे वेगळा ठेवायचा आणि त्यात पीडीएस नावाचं जनुक गप्प करायचं. आपलं तंत्र चाललं की नाही, हे त्या ट्रेवरून कळतं. कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं बनवायला हे जनुक लागतं. ही द्रव्यं म्हणजे हरितद्रव्याच्या डोक्यावरची छत्री. ती गेली की उजेडच हरितद्रव्याला जाळून टाकतो. बाराव्या-तेराव्या दिवशी शेंड्याचं कोवळं पान उलगडतं, तेव्हा शिरांच्या कडेनं पांढरट रेघा दिसतात. दोन दिवसांत त्या एकमेकींना मिळतात आणि पान दुधासारखं पांढरं होतं. सिरिंज टेकवलेलं खालचं पान मात्र हिरवंच राहतं. गप्प करण्याचा निरोप तिथून निघून रसवाहिन्यांतून वर गेला आणि जी पानं त्या वेळी जन्मालाही आली नव्हती, त्यांच्यात जाऊन उमटला. वीसेक वेळा तरी पाहिलं असेल, तरी सकाळी दार उघडल्यावर त्या ट्रेकडे आधी नजर जाते.

एका मे महिन्यात रात्रभर वीज गेली. वाढीच्या खोलीतलं 22 अंशांचं तापमान तिशीच्या पुढे चढलं, आणि ते कुणाच्या लक्षात येईपर्यंत दुपार झाली. त्या खेपेला पीडीएसच्या ट्रेमध्ये कुठे कुठे नुसते पांढरे ठिपके उमटले. दीड महिन्याचं काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं.

झाडं असं काही करतात हे कळलं ते फुलांमुळे. 1990 साली कॅलिफोर्नियात रिचर्ड जॉर्गेनसेन, कॅरोलिन नापोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जांभळी पेटुनिया आणखी गडद करायला रंगाचं जनुक वरून जादा घातलं. काही झाडांना चक्क पांढरी फुलं आली. जादा प्रत आणि मूळ जनुक, दोन्ही गप्प झाली होती. प्राण्यांतली अशीच यंत्रणा 1998 मध्ये फायर आणि मेलो यांनी उलगडली, त्यांना 2006 चं नोबेल मिळालं. वनस्पतींतले ते बारीक आरएनए 1999 मध्ये हॅमिल्टन आणि बॉलकोम यांनी दाखवले. पेटुनियाच्या त्या पांढऱ्या फुलांचं ऋण या क्षेत्रानं विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

माझा प्रश्न पाण्याचा आहे. मी सांगोल्याकडची, घरी डाळिंबाची बाग. तिथे ‘ताण’ हा रोजच्या बोलण्यातला शब्द. मृग बहार धरायचा तर उन्हाळ्यात पाणी तोडायचं, बागेला ताण द्यायचा, पानगळ होऊ द्यायची. आप्पा म्हणतात, “उपाशी ठेवल्याबिगर झाड फुलावर येत न्हाई, पोरी.” पुढे ज्याला शास्त्रात ‘स्ट्रेस’ म्हणतात तो पुस्तकात भेटला, तेव्हा ओळख पटायला वेळ लागला नाही.

पाणी कमी पडलं की झाडात अ‍ॅब्सिसिक आम्ल तयार होतं आणि पर्णरंध्रं मिटतात. हे आम्ल किती बनेल ते मुख्यतः एनसीईडी या जनुकावर ठरतं. मी ते गप्प केलं. पीडीएससारखं इथे डोळ्यांना लगेच काही दिसत नाही. पान द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून खलबत्त्यात कुटायचं, आरएनए काढायचा आणि मोजायचा. मोजल्यावर कळतं की गप्प म्हणजे मुकं नव्हे. आवाज पार खाली येतो, पण पुरता बंद होत नाही.

मग पाणी तोडलं. रोज सकाळी प्रत्येक कुंडी वजनकाट्यावर ठेवायची. गप्प केलेल्या झाडांच्या कुंड्या भराभर हलक्या होत होत्या, कारण रंध्रं उघडीच होती आणि पाणी उडून जात होतं. चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी माना टाकल्या. शेजारच्या साध्या झाडांची पानं अजून ताठ होती.

मला वाटलं होतं, हात आखडायला लावणारा निरोप नाही म्हटल्यावर भरपूर पाणी दिलेली झाडं तरी जोमानं वाढतील. तसं झालं नाही. ज्या झाडांना हे आम्ल बनवता येत नाही ती पाणी असतानाही खुरटी राहतात, हे टोमॅटोच्या अशा वाणांवरून आधीच माहीत होतं. मी वाचलंही होतं. पण कुंडीशेजारी फूटपट्टी धरल्यावरच ते पटलं. उलट बाजूनंही तसंच. 1999 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी अ‍ॅरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपात ताण सोसायला लावणारं एक जनुक कायम चालू ठेवलं. रोपं दुष्काळात तगली, पण ठेंगणी राहिली. तेच जनुक ताण आल्यावरच चालू होईल अशी तजवीज केली, तेव्हा वाढ फारशी अडली नाही. जनुक कोणतं, याच्याइतकंच ते कधी बोलतं हेही महत्त्वाचं. दुष्काळात टिकणाऱ्या पिकांबद्दल बोलताना आपण नुसती जनुकांची नावं घेतो आणि वेळेचा हा प्रश्न सोडून देतो, याची मला खंत वाटते.

मागच्या मे महिन्यात घरी गेले होते. बाग ताणावर होती; मुरमाड रानात पिवळ्या पानांचा सडा पडला होता. आप्पांनी एक काडी मोडली आणि नखानं साल खरवडली. आत हिरवा पट्टा ओला होता.

“ताण बसला का?” मी विचारलं.

त्यांनी काडी माझ्या हातात दिली. “तूच बघ. अजून चार दिवस.”