पर्यावरणशास्त्र : झाडं लावण्यापलीकडची पदवी

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांतली चर्चा ठरलेल्या वाटांनी जाते. इंजिनिअरिंग, फार्मसी, सीए, नाहीतर कॅनडा. यंदा माझ्या भाचीने मध्येच 'बी.एस्सी. एन्व्हायर्नमेंटल सायन्स' म्हटलं आणि तिच्या आजीने विचारलं, "झाडं लावायला पदवी कशाला लागते गं?"

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी या विषयाचं एक पातळ रूप पाहिलेलं असतं. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. पुढे २००४ च्या सुमारास सगळ्या शाखांच्या पदवीत ईव्हीएसचा पेपर आला. बी.ई.ला आम्हीही तो दिला. आदल्या रात्री वाचून सुटणारा पेपर अशी त्याची ख्याती! पदवी म्हणजे त्या पेपरची जाड आवृत्ती असेल असं समजून कुणी प्रवेश घेणार असेल, तर पहिल्याच सत्रात धक्का बसेल. ही पदवी मुख्यतः मोजायला शिकवते.

आपल्या विश्वामित्रीचंच उदाहरण घ्या. पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावून आपण म्हणतो, "पाणी खराब आहे." पण किती खराब? त्यासाठी बीओडी नावाची चाचणी असते. पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती प्राणवायू संपवतात, ते ती सांगते. ३०० मिलिलिटरच्या काचेच्या बाटलीत एकही बुडबुडा न राहू देता नमुना भरायचा. त्यात मँगनस सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालायचं. तपकिरी साका बसला तर पाण्यात प्राणवायू आहे. पांढराच राहिला तर समजायचं की संपलाय. मग आम्ल घालून साका विरघळवायचा आणि थायोसल्फेटने टायट्रेशन करायचं. शेवटी स्टार्चचा निळा रंग एका थेंबासरशी नाहीसा होतो. दुसरी बाटली २७ अंशांवर तीन दिवस अंधारात ठेवायची आणि तिचंही हेच करायचं. दोन्ही आकड्यांतला फरक, नमुना जितका पातळ केला असेल त्या पटीत वाढवला, की बीओडी मिळतो. नदीत अंघोळ करायची तर तो लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत हवा. प्रक्रिया न केलेल्या मैलापाण्यात तो दोनशेच्या घरात सहज जातो.

हे सगळं लांबण लावून सांगितलं, कारण त्या पदवीतले कितीतरी दिवस असेच जातात. बाकी रसायनशास्त्र, परिसंस्था, माती, हवामान, संख्याशास्त्र, नकाशांचं जीआयएस आणि थोडे कायदे. पाठ्यपुस्तक इतकं पसरट असतं की सगळ्याचं थोडं थोडं आणि कशाचंच पुरेसं नाही, अशी तक्रार होते. ती खोटी नाही. म्हणून दुसऱ्या वर्षापर्यंत एक बाजू धरावी, असं माझं मत. पाणी, हवा, वन्यजीव, कचरा किंवा डेटा, कुठलीही चालेल.

माझा या विषयाशी संबंध नोकरीतून आला. अति प्रदूषक अशा १७ प्रकारच्या उद्योगांना चिमणीवर आणि सांडपाण्यावर मीटर बसवून आकडे सतत प्रदूषण मंडळाकडे पाठवावे लागतात. अशा आकड्यांचा डॅशबोर्ड आम्ही बनवत होतो. आकडा मर्यादेत असला की हिरवा दिवा, इतकंच कोडला कळतं. टीममधली पर्यावरणशास्त्र शिकलेली सहकारी मात्र एक आलेख बघून थांबली. "भट्टी चालू आहे आणि सहा तास आकडा तसूभर हलत नाही. असं होत नसतं." मीटर खरंच अडकलेला निघाला. सगळे दिवे हिरवे असताना शंका येणं, हे तिचं शिक्षण.

अशा शंकेची किंमत काय असते, त्याची गोष्ट आपल्या गुजरातमध्येच घडली आहे. इथे १९९६ पासून प्रदूषण करू शकणाऱ्या कारखान्यांना बाहेरच्या तपासनिसाकडून पर्यावरण ऑडिट करून घ्यावं लागतं. पण तपासनीस निवडणारा कारखानाच आणि पैसे देणाराही तोच. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी २००९ ते २०११ या काळात मंडळाबरोबर अहमदाबाद-सुरतकडच्या कारखान्यांवर एक प्रयोग केला. जुन्या पद्धतीत चिमणीच्या धुळीचे कितीतरी आकडे १५० च्या मर्यादेच्या जेमतेम खाली येऊन बसलेले दिसले. खरी मोजणी वेगळंच सांगत होती. मग निम्म्या कारखान्यांसाठी तपासनीस सोडतीने ठरवले, त्यांना पैसे सामायिक निधीतून दिले आणि काही मोजण्या पुन्हा करून बघितल्या. खोटे 'पास' शेरे ८० टक्क्यांनी घटले. आणि त्या कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं! २०१५ मध्ये मंडळाने तपासनीस सोडतीने नेमण्याचा नियम केला.

भाचीला मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा तिने विचारलं, "मामा, म्हणजे साहेब म्हणाले आकडा बदल, तर नाही म्हणता यायला हवं?" हो. आणि हे पहिल्याच नोकरीत, पगार कमी असताना घडू शकतं. पगाराचं लपवत नाही. सुरुवातीला प्रयोगशाळेत किंवा सल्लागार कंपनीत आयटीच्या मानाने कमीच मिळतात, आणि नुसत्या बी.एस्सी.वर वाढ लवकर अडते. एम.एस्सी. जवळजवळ धरूनच चालावं. पुढच्या वाटा आहेत: नेटमध्ये पर्यावरणशास्त्र हा विषय आहे, आणि गेटमध्येही २०२१ पासून पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे. बडोदा ते अंकलेश्वर, वापी हा रासायनिक कारखान्यांचाच पट्टा असल्याने इथे सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आणि चाचणी प्रयोगशाळाही आहेत.

एक खाचखळगा मात्र आधीच बघा. भारतीय वनसेवेच्या परीक्षेला पदवीत रसायन, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूगर्भशास्त्र, गणित, भौतिक, संख्याशास्त्र किंवा पशुसंवर्धन-पशुवैद्यक यांपैकी एक विषय लागतो, नाहीतर शेती, वनशास्त्र किंवा इंजिनिअरिंगची पदवी. या यादीत पर्यावरणशास्त्र नाही. वाघांच्या जंगलात अधिकारी व्हायचं स्वप्न असेल, तर जोडीला रसायन किंवा प्राणिशास्त्र घेता येईल असंच कॉलेज निवडा.

आणि कॉलेज बघायला जाल तेव्हा माहितीपत्रक बाजूला ठेवून प्रयोगशाळा दाखवायला सांगा. बीओडीचा इन्क्युबेटर चालू आहे का, गेल्या वर्षी मुलं नमुने आणायला कुठे कुठे गेली होती, हे तिथल्या विद्यार्थ्यांनाच विचारा. पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये हा विषय बी.एस्सी.ला आहे, आम्ही जूनमध्ये तिथूनच सुरुवात करणार आहोत. आजीही येते म्हणाली आहे, तिला ती निळा रंग जाणारी बाटली बघायची आहे.