धर्मश्रद्धेची बोधात्मक उपपत्ती

धर्मश्रद्धांचा उगम व सातत्य यांचे स्पष्टीकरण मानवी मनाच्या सर्वसाधारण बोधप्रक्रियांच्या आधारे करणारी विचारसरणी. मानवशास्त्र व मानसशास्त्र यांच्या संयोगातून ती विसाव्या शतकाच्या अखेरीस विकसित झाली. धर्मासाठी मनात स्वतंत्र शक्ती असते, असे ती मानीत नाही. अन्य प्रयोजनांसाठी उत्क्रांत झालेल्या प्रवृत्तींचे धर्म हे आनुषंगिक फल होय, असे तिचे प्रमुख प्रतिपादन आहे.

स्ट्यूअर्ट गथ्री यांच्या मते निर्जीव वस्तूला चुकून सजीव समजण्यात धोका कमी असतो, श्वापदाला दगड समजण्यात मात्र जिवावर बेतते. त्यामुळे मनुष्य घटनांमागे सहेतुक कर्ता शोधतो. पास्काल बॉयर यांच्या मते बव्हंशी परिचित, पण एखाद्याच बाबतीत अपेक्षाभंग करणाऱ्या कल्पना स्मरणात टिकतात व सहज प्रसृत होतात. शेताच्या बांधावरील शेंदूर लावलेला दगड इतर दगडांसारखाच असतो. केवळ तो नवस ऐकतो.

जस्टिन बॅरेट व फ्रँक काइल यांच्या प्रयोगांत (१९९६) ईश्वर सर्वव्यापी आहे असे सांगणाऱ्या व्यक्तींनीही कथा आठवताना, तो एका वेळी एकच काम करतो असे गृहीत धरले. बॅरेट यांना भारतातील हिंदूंमध्येही असाच कल आढळला (१९९८). उक्त सिद्धांत व सहजबुद्धी यांत असे अंतर असते.

हे अंतर गाडगे महाराजांच्या (१८७६–१९५६) कार्यातून स्पष्ट होते. अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव हे त्यांचे जन्मस्थान. नवस व पशुबळी यांवर त्यांनी कीर्तनांतून कठोर टीका केली व देव माणसांत पाहण्यास सांगितले. श्रोत्यांना साधे प्रश्न विचारून ते त्यांच्याच तोंडून उत्तर वदवून घेत. हा उपदेश सहजप्रवृत्तीच्या विरुद्ध जाणारा असल्याने तो वारंवार करावा लागतो, असे या उपपत्तीवरून म्हणता येते. जोसेफ हेन्रिक यांच्या मते उपदेशकाचे कष्टप्रद आचरण त्याच्या शब्दांना विश्वासार्हता देते. हाती खराटा घेऊन आधी गाव झाडणाऱ्या महाराजांचा प्रभाव यावरून उलगडतो.

या उपपत्तीला मर्यादा आहेत. कर्ता शोधण्याच्या प्रवृत्तीचा श्रद्धेशी असलेला संबंध वादग्रस्त आहे. जाती, सत्ता व इतिहास यांचा विचार तीत अपुरा पडतो. शिवाय श्रद्धेचा उगम सांगितल्याने तिची सत्यासत्यता ठरत नाही. मात्र अंधश्रद्धा केवळ अज्ञानातून उपजत नसल्याने ती एकदाच्या प्रबोधनाने नाहीशी होत नाही, हा तिचा निष्कर्ष समाजसुधारकांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.